धातूच्या खुब्यातून सुटणारे कण पेशींचं नेमकं काय करतात?

रानजाई
नमस्कार. माझ्या आईच्या उजव्या खुब्याचा सांधा बदलून बरीच वर्षं झाली. गोळा धातूचा आणि वाटीही धातूचीच, म्हणजे कोबाल्ट-क्रोमियमवर कोबाल्ट-क्रोमियम घासणारा प्रकार. तिला दुखत नाही, जिने चढते, लांब फिरायला जाते. यंदाच्या तपासणीत डॉक्टरांनी रक्तातली धातूंची पातळी बघायला सांगितली. कोबाल्ट लिटरमागे ९ मायक्रोग्रॅम आलं, क्रोमियम त्याहून थोडं कमी. "घाबरायचं कारण नाही, पण आता लक्ष ठेवू आणि एक खास एमआरआय करू," असं ते म्हणाले.

तो एमआरआय होईलच. मला समजून घ्यायचंय ते वेगळं. झिजून सुटलेले हे कण पेशीत शिरतात तेव्हा तिथे काय घडतं? शोधायला बसलं की एकीकडे "कर्करोग होतो" आणि दुसरीकडे "शरीराला सवय होते" असं वाचायला मिळतं. दोन्हींवर माझा विश्वास बसत नाही. इथे डॉक्टर आहेत, प्रयोगशाळेत काम करणारे आहेत, धातूंवर काम करणारेही आहेत. सविस्तर लिहिलंत तर फार बरं होईल.

निवांत_वाचक
वाचतोय. मामांचा गोळा धातूचा आहे, पण वाटी प्लास्टिकची. त्यांनाही हे लागू होतं का, तेही कुणीतरी सांगा.

ऐरण
धातूची बाजू मी मांडतो, पेशींचं जाणकारांनी सांगावं.

या मिश्रधातूत साधारण २८ टक्के क्रोमियम, ६ टक्के मॉलिब्डेनम आणि उरलेलं बहुतेक सगळं कोबाल्ट असतं. पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा थर असतो आणि धातूला गंजण्यापासून तोच वाचवतो. पाऊल पडतं तेव्हा हा थर कुठे ना कुठे खरवडला जातो आणि लगेच पुन्हा तयार होतो. त्या झटापटीत थोडे कण सुटतात, थोडा धातू आयनांच्या रूपात विरघळतो. चाचणीयंत्रात एका वर्षाच्या चालण्यासाठी १० लाख आवर्तनं धरतात, त्यावरून हे किती वेळा घडतं याची कल्पना येईल.

घनफळात मोजलं तर धातूवर धातूची झीज जुन्या पॉलिएथिलिनच्या वाटीपेक्षा २० ते १०० पट कमी भरते. या सांध्यांचं आकर्षण होतं ते याचसाठी. गोम आहे ती आकारात. प्लास्टिकचे कण बरेचसे ०.१ ते १ मायक्रोमीटरचे, तर धातूचे बहुतेक ५० नॅनोमीटरपेक्षाही लहान. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार अशा एका सांध्यातून वर्षाला ६.७ लाख कोटी ते २५० लाख कोटी कण सुटतात. संख्येत हे प्लास्टिकच्या कणांच्या १३ ते ५०० पट झालं.

आणखी एक साधं गणित करून बघा. ३ मायक्रोमीटरचा एक कण फोडून ३० नॅनोमीटरचे कण केले, तर तेवढ्याच धातूचे १० लाख कण होतात आणि त्यांचा एकूण पृष्ठभाग १०० पट होतो. विरघळण्याचं काम पृष्ठभागावर चालतं. म्हणून "किती मिलिग्रॅम झिजला" या एकट्या आकड्यावर कुणी विसंबू नये, असं माझं ठाम मत आहे.

आभाळवेडी
खुब्याचा धागा आणि उत्तरंही खुबीदार! येऊ द्या अजून.

शंकेखोर
ऐरण, गणित पटलं. पण त्यातून लगेच धोका सिद्ध होत नाही. कोबाल्ट हा काही परका पदार्थ नाही, बी१२ जीवनसत्त्वाच्या रेणूच्या मध्यभागीच तो बसलेला असतो. त्रिसंयुजी क्रोमियमही आपल्या आहारात असतं. शिवाय प्रयोगशाळेत पेशींवर वाट्टेल तेवढं ओतलं की त्या मरणारच. त्यावरून चालत्याफिरत्या माणसाबद्दल काय सांगणार?

पेशीवेल्हाळ
शंकेखोर, तुमचा मात्रेचा मुद्दा रास्त आहे, त्याच्याकडे येतेच. त्याआधी बी१२ बाजूला ठेवते. त्या रेणूत कोबाल्ट वजनाने ४ टक्क्यांच्या आसपास असतं आणि ते कोरिनच्या कड्यात घट्ट जखडलेलं असतं. रक्तात बी१२ चांगलं असलं तरी त्यातून येणारं कोबाल्ट लिटरमागे ०.०२ मायक्रोग्रॅमच्या आत-बाहेर. रानजाईंच्या आईंचा आकडा ९ आहे आणि ते कोबाल्ट मोकळं फिरतं किंवा अल्ब्युमिनला सैलसर चिकटलेलं असतं. या दोन गोष्टींची तुलनाच होत नाही.

आता मूळ प्रश्न. सांध्याभोवतीच्या ऊतींमध्ये मॅक्रोफेज नावाच्या पेशी असतात. बाहेरचं काही दिसलं की गिळायचं, हे त्यांचं कामच. त्या कण गिळतात आणि लायसोसोम नावाच्या आम्लयुक्त पिशवीत टाकतात. तिथला सामू साडेचार-पाचच्या घरात असतो. जिवाणू तिथे पचतो, पण धातूचं पचन होत नाही, तो विरघळायला लागतो. बाहेरच्या द्रवात जे कोबाल्ट हळूहळू सुटलं असतं ते आता पेशीच्या पोटात, एकाच जागी, भराभर सुटतं. आयन म्हणून पेशीत सहजासहजी न शिरणारं त्रिसंयुजी क्रोमियमसुद्धा कणावर स्वार होऊन आत पोचतं. नॅनोकणांबद्दलचा हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे, असं मला वाटतं. बाहेर किती धातू आहे त्यापेक्षा आत किती नेला गेला ते बघावं लागतं.

पुढे एकाच वेळी बऱ्याच गोष्टी घडतात. लायसोसोमला इजा झाली की पेशीतली इन्फ्लमासोम नावाची धोक्याची यंत्रणा सुरू होते आणि आयएल-१ बीटा हा दाह वाढवणारा संदेश-रेणू बाहेर पडतो. सोबत टीएनएफ-अल्फा, आयएल-६ हेही संदेश जातात. कोबाल्टमुळे पेशीला ऑक्सिजन कमी पडल्याचा भास होतो, कारण एचआयएफ-१ अल्फा हे प्रथिन एरवी सतत मोडून टाकणारी विकरं कोबाल्टमुळे थंडावतात. आमच्याकडे कमी ऑक्सिजनची नक्कल करायला पेशींवर कोबाल्ट क्लोराइडच घालतात, इतका हा परिणाम भरवशाचा आहे. मात्रा कमी असेल तर पेशी शिस्तीत, स्वतःहून मरते. जास्त असेल तर फुटते, आतला सगळा ऐवज आजूबाजूला सांडतो, आणि तो साफ करायला नवे मॅक्रोफेज येतात. तेही तेच कण गिळतात. चक्र चालू राहतं.

शंकेखोर
चक्र समजलं. मात्रेचं राहिलं.

पेशीवेल्हाळ
हो. रक्तातला आकडा म्हणजे सगळ्या शरीरात पातळ झालेला धातू, त्यातलाही बराचसा मूत्रपिंडं रोज बाहेर टाकतात. सांध्यातल्या द्रवात मात्र तोच धातू रक्ताच्या कितीतरी पट असतो. खराब झालेल्या सांध्यांत तो लिटरमागे १,००० मायक्रोग्रॅमच्याही वर गेलेला आढळतो. सांध्याजवळच्या पेशी त्या द्रवात राहतात. त्यामुळे प्रयोगात वापरलेल्या मात्रा तुम्हाला वाटतात तितक्या अवास्तव नाहीत. काही प्रयोगांत त्या अवास्तव असतात हेही खरं, म्हणून दर वेळी तपासून बघावं लागतं.

आकाराबद्दल २००७ साली ब्रिस्टलच्या गटाने केलेला प्रयोग मला फार आवडतो. माणसाच्या फायब्रोब्लास्ट (जोडऊती घडवणाऱ्या) पेशी घेतल्या. एका गटाला साधारण ३० नॅनोमीटरचे कोबाल्ट-क्रोमियमचे कण दिले, दुसऱ्याला २.९ मायक्रोमीटरचे, आणि दोन्हीकडे धातूचं घनफळ सारखंच ठेवलं. नॅनोकणांनी डीएनएची मोडतोड जास्त केली, पेशीही जास्त मारल्या, आणि पेशीत ते लवकर विरघळताना दिसले. ऐरण यांनी मांडलेलं गणितच तिथे पेशींवर उमटलेलं दिसतं.

सूक्ष्मदर्शी
पेशीवेल्हाळ यांनी छान मांडलंय. मी याच ऊती सूक्ष्मदर्शकाखाली बघतो, म्हणून दुसरी बाजू जोडतो.

काढलेल्या सांध्याभोवतीच्या ऊतीत दोन वेगळी चित्रं दिसतात. पहिल्यात कणांनी भरलेल्या मॅक्रोफेजचे थरच्या थर असतात, आणि आतलं अस्तर झडून मृत ऊती उघडी पडलेली असते. दुसऱ्यात लहान रक्तवाहिन्यांभोवती लिम्फोसाइट्सचे (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) जाड गराडे दिसतात. विलर्ट आणि सहकाऱ्यांनी २००५ साली या दुसऱ्या चित्राचं सविस्तर वर्णन केलं आणि 'अल्व्हाल' (जंतूंविना होणारी, लिम्फोसाइट्सचा भरणा असलेली, रक्तवाहिन्यांभोवतीची विकृती) हे लघुनाम रूढ झालं. पहिलं चित्र ढोबळमानाने कणांचा भार जास्त झाल्याचं. दुसरं अतिसंवेदनशीलतेचं, तिथे झीज फारशी नसतानाही ऊतीचा नाश होऊ शकतो. प्रत्यक्षात दोन्ही मिसळलेली असतात, आणि काचपट्टीवर "हे याचं, ते त्याचं" असं वेगळं काढणं बऱ्याचदा जमत नाही.

ऊतीत सापडतं ते बहुतांशी क्रोमियम, आणि तेही त्रिसंयुजी, फॉस्फेटच्या रूपात. कोबाल्ट तोवर विरघळून निघून गेलेलं असतं. गुन्हा घडून गेल्यावर आम्ही पोचतो, असं मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो.

चालता_बोलता
रुग्ण म्हणून लिहितो. माझा असाच सांधा काढून दुसरा बसवला. दुखणं जांघेत होतं, फार तीव्र नव्हतं, पण खुर्चीतून उठताना खटका जाणवायचा आणि बाहेरच्या बाजूला एक फुगवटा आला होता. क्ष-किरण चित्र अगदी स्वच्छ. "सांधा उत्तम बसलाय, दुखणं कमरेतून येतंय," असं मला बराच काळ सांगितलं गेलं. एमआरआय झाल्यावर कळलं की मागच्या बाजूला मोठी गाठ होती आणि पायाला बाजूला नेणारे स्नायू तिने खाल्ले होते. सांधा बदलल्यावर दुखणं थांबलं, स्नायू मात्र परत आले नाहीत. अजून काठी घेऊन चालतो.

रानजाईताई, आईंचे डॉक्टर दुखत नसतानाही एमआरआय करतायत, हे खूप चांगलं लक्षण आहे. तो टाळू नका, पुढे ढकलू नका.

रानजाई
चालता_बोलता, मनापासून लिहिलंत, आभार. स्नायूंचं वाचून धस्स झालं. तुमच्या पायाला बळ येवो.

पेशीवेल्हाळ, सूक्ष्मदर्शी, तुमचे प्रतिसाद मी आईला वाचून दाखवले. तिचा प्रश्न: हाड का झिजतं मग? कण तर मऊ ऊतीत असतात ना?

पेशीवेल्हाळ
आईंनी नेमकं विचारलं. हाड कण कुरतडत नाहीत, आपलीच पेशी कुरतडते. हाड विरघळवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट आणि हाड घडवणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट यांचा आयुष्यभर तोल चाललेला असतो. मॅक्रोफेजच्या संदेशांमुळे आसपासच्या पेशी रँक-एल नावाचं प्रथिन जास्त बनवतात, त्याने ऑस्टिओक्लास्ट तयार होतात आणि जोमाने कामाला लागतात. दुसरीकडे धातूच्या आयनांनी ऑस्टिओब्लास्ट मंदावतात. तोल ढळतो आणि रोपणाभोवती हाड पोकळ होत जातं. जंतुसंसर्ग अजिबात नसताना सांधा सैल होतो तो असा.

ही कल्पना जुनी आहे. विलर्ट आणि सेम्लिच यांनी १९७७ मध्येच मांडलं होतं की कण ठरावीक प्रमाणात असतील तर ऊती ते वाहून नेतात, त्या क्षमतेपलीकडे गेले की साचतात आणि हाड खाल्लं जातं. तेव्हा बोलणं मुख्यतः प्लास्टिकबद्दल चाललं होतं.

आभाळवेडी
अवांतर, पण राहवत नाही. खुब्याच्या आधुनिक सांध्याचे जनक जॉन चार्नली यांनी सुरुवातीला टेफ्लॉनची वाटी वापरली होती. ती भराभर झिजली, भोवती दाहाच्या गाठी झाल्या, आणि शेकडो रुग्णांचे सांधे निकामी झाले. मग १९६२ साली पॉलिएथिलिन आलं. त्यांनी दोन्ही पदार्थांचे नमुने स्वतःच्या मांडीत घालून घेतले होते. टेफ्लॉनच्या जागी गाठ आली, पॉलिएथिलिनच्या जागी आली नाही. नवा पदार्थ रुग्णाच्या शरीरात ठेवण्याआधी स्वतःच्या शरीरात ठेवणारा माणूस! मला याचं फार अप्रूप वाटतं.

शंकेखोर
अप्रूप आहेच. पण एका माणसाच्या मांडीवरून निष्कर्ष काढू नये. पॉलिएथिलिनच्या कणांचा त्रास पुढे दिसलाच की.

ऐरण
दिसला, आणि त्यातून सुधारणाही झाली. प्रारणाने रेणूंच्या साखळ्या एकमेकींना बांधलेलं पॉलिएथिलिन १९९० च्या दशकाच्या अखेरीस वापरात आलं आणि हाड पोकळ होण्याचं प्रमाण खूप घटलं.

धातूवर धातूचं मात्र उलट झालं. १९६० च्या दशकात मॅकी-फरार सांधे होते, मग १९८८ पासून लहान गोळ्यांची दुसरी पिढी, १९९७ पासून मोठ्या गोळ्याचं रिसर्फेसिंग (मूळ हाडाचा गोळा न कापता त्यावर धातूची टोपी बसवणं). त्यातल्या काही रचना दशकानुदशकं उत्तम चालल्या. पण डीप्यू कंपनीचा एएसआर हा सांधा २००३ मध्ये आला आणि ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून मागे घ्यावा लागला. तोवर सुमारे ९३ हजार बसवले गेले होते. त्याची वाटी उथळ होती. बसवताना थोडी जास्त उभी बसली की गोळा वाटीच्या काठावर टेकायचा, तिथे वंगणाचा पातळ थर टिकायचा नाही आणि झीज अनेक पटींनी वाढायची. मिश्रधातू तोच, भूमिती बदलली. पेशींना किती कण गिळावे लागणार हे त्या काही अंशांनी ठरवलं.

निवांत_वाचक
मामांचं विसरलात का सगळे? :)

अस्थिरंग
नाही विसरलो, आज शस्त्रक्रिया संपवून बसलोय. आधी मामा.

गोळा धातूचा आणि वाटी प्लास्टिकची असेल तर गोळा-वाटीच्या घर्षणातून धातू जवळजवळ येत नाही. पण गोळा दांड्याच्या निमुळत्या टोकावर ठोकून बसवलेला असतो. त्या जोडात सूक्ष्म हालचाल होते, फटीत द्रव शिरतो, आणि हालचाल व गंज मिळून धातू सुटू लागतो. याला आम्ही ट्रनियनोसिस म्हणतो. अशा रुग्णांत रक्तातलं कोबाल्ट क्रोमियमपेक्षा ठळकपणे जास्त असतं, ती खूण ध्यानात ठेवण्यासारखी आहे. हे होतं क्वचित. मामांना त्रास नसेल तर नेहमीच्या तपासण्या पुरेत. कारण न सापडणारं नवं दुखणं सुरू झालं तर मात्र डॉक्टरांना या शक्यतेबद्दल विचारा. गोळा सिरॅमिकचा असेल तर हा धोका आणखी कमी.

आता रानजाई. ब्रिटनच्या नियामक संस्थेने २०१० साली लिटरमागे ७ मायक्रोग्रॅम हा टप्पा सुचवला, कोबाल्ट किंवा क्रोमियम कुठलंही असो. त्याच्या वर आकडा गेला की अधिक तपास करायचा, एवढाच त्याचा अर्थ. ७ च्या वर विष आणि खाली अमृत असं समजू नये. १५ असलेला माणूस वर्षानुवर्षं ठणठणीत बघितलाय आणि ३ असताना स्नायू गेलेली रुग्णही बघितली आहे. २००८ मध्ये ऑक्सफर्डहून ज्या स्युडोट्यूमरचं (सांध्याभोवतीची, कर्करोगाची नसलेली गाठ) वर्णन आलं, त्यातले १७ च्या १७ रुग्ण स्त्रिया होत्या. त्यांची हाडं लहान, त्यामुळे गोळे लहान आणि काठावर भार येण्याची शक्यता जास्त. अतिसंवेदनशीलतेचा वाटाही असू शकतो. म्हणून आकडा, लक्षणं, चित्र आणि सांध्याचा प्रकार, सगळं एकत्र बघावं लागतं.

शंकेखोर
डॉक्टर, माझा जुना मुद्दा थोडा पुढे नेतो. ही उत्पादनं बाजारात येण्याआधी प्राण्यांवर चाचण्या झाल्याच असतील. तिथे हे का दिसलं नाही?

पेशीवेल्हाळ
याचं एक सुंदर (आणि अस्वस्थ करणारं) उत्तर आहे. आपल्या पेशींवर टीएलआर४ नावाचा ग्राहक (रिसेप्टर) असतो. जिवाणूंच्या भिंतीचे तुकडे ओळखून दाह सुरू करणं हे त्याचं काम. माणसाच्या टीएलआर४ मध्ये ४५६ आणि ४५८ या स्थानांवर हिस्टिडिन ही अमिनो आम्लं आहेत. तिथे निकेल थेट जोडलं जातं आणि जिवाणू नसताना जिवाणू आल्यासारखा गजर होतो. २०१० साली हे निकेलबाबत दाखवलं गेलं, पुढे कोबाल्टबाबतही. उंदराच्या टीएलआर४ मध्ये ती हिस्टिडिन्सच नाहीत! म्हणजे उंदीर धातू निमूट सोसतो आणि माणूस पेटून उठतो, असं होऊ शकतं. मानवी पेशींवरच्या प्रयोगांना तुम्ही वर कमी लेखलंत, पण हा फरक त्यांच्यामुळेच कळला.

शंकेखोर
हे माहीत नव्हतं. पटलं. आता कर्करोगाचं सांगा, ती भीती सगळ्यांच्या मनात असते.

सूक्ष्मदर्शी
सांगतो, आणि दोन गोष्टी वेगळ्या ठेवून सांगतो.

गुणसूत्रांवर परिणाम होतो, हे खरं आहे. धातूवर धातूचे सांधे बसवल्यानंतर रुग्णांच्या रक्तातल्या लिम्फोसाइट्समध्ये गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होण्याचं आणि त्यांची संख्या कमी-जास्त होण्याचं प्रमाण वाढलेलं आढळलं. कण फक्त सांध्यात राहत नाहीत हेही खरं. लसीकाग्रंथी, यकृत, प्लीहा, अस्थिमज्जा इथे ते मृत्यूनंतरच्या तपासणीत सापडले आहेत, आणि हे १९९४ पासून माहीत आहे.

पण कर्करोग वाढला का? इंग्लंड आणि वेल्सच्या सांधेरोपण नोंदवहीतल्या ४० हजारांहून जास्त रुग्णांची आकडेवारी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. पहिल्या ७ वर्षांत धातूवर धातूच्या रुग्णांत कर्करोगाचं प्रमाण इतर सांध्यांच्या रुग्णांपेक्षा वाढलेलं दिसलं नाही. फिनलंडच्या आकडेवारीतही एकूण वाढ नव्हती. कर्करोगाला अनेकदा ७ वर्षांपेक्षा जास्त काळ लागतो, म्हणून पाठपुरावा चालूच राहायला हवा. युरोपीय संघाने २०२१ पासून कोबाल्ट धातूला कर्करोगकारक मानलं आहे, पण त्याला मुख्य आधार श्वासातून जाणाऱ्या कोबाल्टच्या अभ्यासांचा आहे. पेशीत डीएनए तुटणं आणि माणसाला कर्करोग होणं यांच्या मध्ये दुरुस्तीची, पेशी स्वतःहून मरण्याची आणि रोगप्रतिकारक पहाऱ्याची बरीच दारं आहेत. "कर्करोग होतो" असं छातीठोकपणे लिहिणारे ती दारं विसरतात.

पेशीवेल्हाळ
सहमत. फक्त एक भर. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पेशींच्या दाट थराच्या एका बाजूला हे नॅनोकण ठेवले आणि पलीकडे फायब्रोब्लास्ट ठेवले. कण थर ओलांडून गेले नव्हते, तरी पलीकडच्या पेशींचा डीएनए तुटला. थरातल्या पेशींनी एकमेकींना आणि मग पलीकडे रासायनिक संदेश दिले होते, त्यात एटीपी या पेशीतल्या ऊर्जावाहक रेणूचा हात होता. म्हणजे कण जिथे आहे तिथेच परिणाम, हे गृहीतसुद्धा धरता येत नाही. माणसाच्या शरीरात हे कितपत घडतं हा पुढचा प्रश्न, पण अभ्यास करावा तो अशा गोष्टींचा.

चालता_बोलता
हृदयाबद्दलही लिहा कुणीतरी. मला त्याचीच जास्त भीती दाखवली गेली होती.

अस्थिरंग
कोबाल्ट फार चढलं तर हृदयाचा स्नायू, ऐकू येणं, दृष्टी आणि थायरॉइड यांच्यावर परिणाम होऊ शकतो. हे सांध्यांच्या आधीपासून माहीत होतं. १९६० च्या दशकात क्वेबेकमध्ये बिअरचा फेस टिकावा म्हणून कोबाल्टचं लवण घातलं जायचं, आणि खूप पिणाऱ्यांमध्ये हृदयविकाराची साथच दिसली.

सांध्यांमध्ये सगळ्यात वाईट रुग्ण ते, ज्यांचा सिरॅमिकचा गोळा फुटला आणि त्या जागी धातूचा बसवला. राहिलेल्या सिरॅमिकच्या बारीक तुकड्यांनी धातू कानशीसारखा घासला जातो. जर्मनीत मारबुर्गला असा एक रुग्ण आला होता. हृदय निकामी होत चाललेलं, कान आणि डोळे मंदावलेले, ताप. तिथल्या डॉक्टरांना एका वैद्यकीय टीव्ही मालिकेतल्या भागामुळे कोबाल्टचा संशय आला आणि निदान लागलं. २०१४ मध्ये त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. अशा रुग्णांची पातळी लिटरमागे शेकड्यांत असते. ९ वर हृदय बिघडतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मूत्रपिंडं अधू असतील तर मात्र कोबाल्ट बाहेर पडत नाही, त्यामुळे आईंचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम दाखवणारी रक्तचाचणी) एकदा बघून घ्या.

आभाळवेडी
टीव्ही बघण्याचे फायदे घरी दाखवायला हा प्रतिसाद जपून ठेवते!

रानजाई
धागा वर आणतेय. एमआरआय झाला. सांध्याच्या मागे द्रवाची एक छोटी पिशवी आहे, भिंत पातळ, आत घट्ट भाग नाही. स्नायू शाबूत आहेत. क्रिएटिनिन ठीक. वाटीचा कोन ४२ अंश आहे, तो बरा आहे असं डॉक्टर म्हणाले. रक्त काही महिन्यांनी पुन्हा तपासायचं आणि पिशवी वाढतेय का ते बघायचं. सांधा काढायची घाई नाही.

आईला आता हे सगळं नीट समजलंय. "माझ्या पेशी अजून कामावर आहेत, त्यांना त्यांचं करू द्या," असं तिने सांगायला सांगितलंय. दोन प्रश्न राहिलेत. पुढच्या वेळी रक्त देताना काही काळजी घ्यायची का? आणि त्या पिशवीतला द्रव सुईने काढून तपासावा का?

अस्थिरंग
आईंना नमस्कार सांगा. पातळ भिंतीची, नुसत्या द्रवाची पिशवी, त्रास नाही, स्नायू चांगले, या स्थितीत थांबून लक्ष ठेवणं योग्यच आहे. आकडा एकदाच बघून काही कळत नाही, तो कुठल्या दिशेने जातोय ते महत्त्वाचं. पुढचा एमआरआयही धातूमुळे येणारी विकृती कमी करणाऱ्या त्याच पद्धतीने करून घ्या, म्हणजे तुलना करता येईल.

रक्त सूक्ष्म मूलद्रव्यांसाठीच्या खास नळीत घ्यायला हवं. पोलादी सुईतून क्रोमियम येऊ शकतं, म्हणून पहिलं थोडं रक्त नमुन्यात धरत नाहीत. शक्यतो दर वेळी एकाच प्रयोगशाळेत तपासा. द्रव काढायची गरज आत्ता दिसत नाही, पण तो निर्णय तुमच्या डॉक्टरांचा.

सूक्ष्मदर्शी
द्रव काढायची वेळ कधी आलीच तर एक गोष्ट प्रयोगशाळेला आधीच कळवा. हा द्रव दिसायला पुवासारखा असू शकतो, पण त्यात जंतू नसतात. त्यातले कण आणि मेलेल्या पेशींचे तुकडे यंत्राला पांढऱ्या पेशींसारखे वाटतात, आकडा भलताच चढतो आणि संसर्ग नसताना संसर्गाचं निदान होतं. पेशी हाताने, सूक्ष्मदर्शकाखाली मोजा असं चिठ्ठीवर लिहून मागवा. सोबत जंतूंसाठी कल्चरही लावायला सांगा, कारण कधीकधी दोन्ही गोष्टी खरंच एकत्र असतात.